आठ महिने मेंदी लावून: काळ्या केसांवर लाल किती चढतो?

रंगपंचमीचा रंग केसांतून जेमतेम निघाला आणि पुढच्याच आठवड्यात मी इंदूरच्या मारोठिया बाजारातून अर्धा किलो राजस्थानातल्या सोजतची मेंदी आणली. केस खांद्यापर्यंत, दाट काळे. पांढरे फक्त भांगात आणि कानाशी. मला हवा होता डाळिंबी लाल.

काकू तेव्हाच म्हणाल्या, "अगं, काळ्यावर दुसरा रंग चढतो का कधी?"

अर्ध्या बरोबर निघाल्या. मेंदी केसांचा मूळचा काळा रंग काढत नाही, त्यावर आपला तांबूस थर देते. त्यामुळे घरात ट्यूबलाइटखाली माझे केस काळेच दिसतात. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की मात्र कपाळावरची बट तांब्याच्या तारेसारखी चमकते. खरा लाल बसला तो पांढऱ्यांवर, तोही लगेच नाही. पहिल्या दिवशी भांग चक्क गाजरासारखा! ऑफिसात कुणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं. दोन-तीन दिवसांत रंग मुरून गडद झाला. तेव्हापासून मी शुक्रवारी संध्याकाळीच लावते.

सुरुवातीला एकदा काकूंच्या सांगण्यावरून लोखंडी कढईत भिजवली आणि वर आवळा पावडर घातली. रंग आला काळपट तपकिरी. लोखंडानं मेंदी काळवंडते. पांढरे लपवायचे असतील तर ती कढई बरी, लालसाठी नाही. बीटाचा रस घातला, तो पहिल्याच धुण्यात मोरीत गेला. जास्वंदीनं केस मऊ झाले, रंगाचं नाव नाही.

आता काचेच्या वाडग्यात 100 ग्रॅम मेंदी, कोमट फिल्टरचं पाणी (आमचं बोरिंगचं फार जड आहे) आणि एका लिंबाचा रस. आधी दोन लिंबं पिळायचे, केस झाडूसारखे व्हायचे. सात-आठ तासांनी वरची साय तपकिरी आणि आत हिरवं दिसलं की रंग सुटला समजायचं. तीन तास डोक्यावर, मग नुसत्या पाण्यानं धुवायचं, शाम्पू दोन दिवसांनी. उशीच्या अभ्र्याची आशा सोडायची.

मध्ये एकदा आळस करून 'झटपट लाल मेंदी'चं पाकीट आणलं. रात्रभर टाळू खाजली. मागच्या बारीक अक्षरांत पीपीडी लिहिलेलं निघालं, म्हणजे रासायनिक डायच. निव्वळ मेंदी अर्ध्या तासात गडद रंग देत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एक अडचण आहेच: हा रंग उतरत नाही. कंटाळा आला तर केस वाढवून कापणं, एवढाच मार्ग. आणि आता थंडी सुरू झालीये, तर रात्रभर भिजवूनही रंग नीट सुटत नाही. परवापासून वाडगं झाकून फ्रिजच्या मागच्या उबेत ठेवतेय.