व्हॅक्यूम, चिमटा की आयत्या वेळचे सिझेरियन : अडलेल्या बाळंतपणातील जोखमींची तुलना

बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात माहेर असलेली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या-आठव्या महिन्यात पुण्या-मुंबईहून येते, तेव्हा तिला आतापर्यंत तपासणारे डॉक्टर तिकडेच राहिलेले असतात. फाइल नवी, डॉक्टर नवे आणि बाळंतपण दीड-दोन महिन्यांवर. अशा घरात डोहाळजेवणाचे बेत बारकाईने ठरतात, पण बाळ अगदी शेवटी अडले तर काय करायचे, हा विषय सहसा निघत नाही. तो निघतो प्रसूतिकक्षाच्या दारात, हातात संमतिपत्र आल्यावर. ते बहुधा गुजरातीत किंवा इंग्रजीत असते, पुण्याहून आलेल्या सासूबाईंना त्यातले अक्षर लागत नाही आणि विचाराला पाच मिनिटेही नसतात. ही तुलना त्याआधी, निवांतपणी वाचण्यासाठी आहे.

प्रसंग नेमका असा असतो : गर्भाशयाचे तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर उघडलेले आहे, बाळाचे डोके कटिरात उतरले आहे, परंतु आईचे त्राण संपले आहे, किंवा बाळाचे ठोके घसरू लागले आहेत, किंवा हृदयविकारासारख्या कारणाने आईने फार जोर करणे धोक्याचे आहे. ठोके चांगले असतील तर थांबणे हाही एक पर्याय असतो. पहिलटकरणीला या टप्प्यात ३ तासांपर्यंत आणि आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीला २ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कूस बदलणे, कळा मंदावल्या असल्यास ऑक्सिटोसिनचे सलाइन लावणे, हे उपाय आधी करून पाहिले जातात. व्हॅक्यूम (बाळाच्या डोक्याला वाटी चिकटवून ओढण्याचे साधन), फोर्सेप्स (डोके दोन्ही बाजूंनी धरून ओढणारे, घराघरांत ज्याला चिमटा म्हणतात ते) आणि सिझेरियन यांची तुलना थांबणे शक्य नसते तेव्हाच सुरू होते.

आईच्या शरीराचा विचार केला तर व्हॅक्यूम उजवा ठरतो. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी खोल फाट व्हॅक्यूममध्ये शंभरांपैकी सुमारे १ ते ४ जणींना होते, तर फोर्सेप्समध्ये ८ ते १२ जणींना, असे ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेचे मार्गदर्शन आहे. फोर्सेप्ससाठी खालचा, म्हणजे योनिमार्गाच्या तोंडाशी देतात तो छेद जवळजवळ नेहमीच घ्यावा लागतो. व्हॅक्यूमसाठी निम्म्याहून थोड्या अधिक जणींना. पहिले बाळंतपण, ४ किलोहून मोठे बाळ, लांबलेला शेवटचा टप्पा आणि बाळाचे खांदे अडकणे यांमुळे खोल फाटीची शक्यता वाढते. ब्रिटनमधील नोंदींत आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्येही ती अधिक आढळली आहे, त्यामुळे आपल्याकडे या मुद्द्याकडे जास्तच लक्ष हवे. अशी फाट वेळीच ओळखून नीट शिवली गेली तर वर्षभरानंतर शंभरांपैकी ६० ते ८० जणींना कोणताही त्रास उरत नाही. ओळखली गेली नाही तर वायू किंवा शौच रोखता न येण्याचा त्रास राहतो, आणि बाळंतिणी तो लाजेने कोणालाच सांगत नाहीत, हे जास्त वाईट.

बाळाच्या बाजूने पाहिले की पारडे फिरते. व्हॅक्यूमची वाटी जिथे चिकटते तिथे येणारी सूज एक-दोन दिवसांत उतरते आणि तिची काळजी करण्याचे कारण नाही. कवटीच्या एकाच हाडावर मर्यादित राहणारी रक्ताची गाठ उतरायला काही आठवडे लागतात आणि तिच्यामुळे कावीळ वाढू शकते. डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तस्रावही व्हॅक्यूमनंतर अधिक दिसतो. तो बहुतेक वेळा आपोआप जिरतो. खरी भीती टाळूच्या त्वचेखाली पसरणाऱ्या रक्तस्रावाची असते. तो हजार व्हॅक्यूम प्रसूतींत ३ ते ६ वेळा होतो, पण ३ किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच पाव लिटरच्या आसपास असते आणि त्यातला मोठा भाग त्या जागेत साचू शकतो. फोर्सेप्समध्ये हा धोका कमी असतो. तिथे गालावर वळ उठणे, किंवा चेहऱ्याच्या नसेवर दाब येऊन रडताना तोंड एका बाजूला ओढले जाणे, असे प्रकार घडतात आणि ते बहुतांशी काही आठवड्यांत बरे होतात. ३२ आठवड्यांआधीच्या बाळाला व्हॅक्यूम लावत नाहीत, आणि ३६ आठवड्यांपर्यंत तो जपूनच वापरतात.

माझ्या मते निर्णयाचा कस वेगळ्याच ठिकाणी लागतो : निवडलेले साधन यशस्वी होईल का? व्हॅक्यूम फोर्सेप्सपेक्षा अधिक वेळा अपुरा पडतो, आणि तो निसटल्यावर फोर्सेप्स लावायचे, या क्रमात आई आणि बाळ दोघांचीही जोखीम चढते. कॅलिफोर्नियातील ५ लाख ८० हजारांहून अधिक पहिलटकरणींच्या बाळांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डोक्याच्या आतील रक्तस्राव सहज प्रसूतीत १,९०० बाळांमागे एक, व्हॅक्यूममध्ये ८६० मागे एक, फोर्सेप्समध्ये ६६४ मागे एक, तर दोन्ही साधने वापरल्यावर २५६ मागे एक आढळला. कळा सुरू झाल्यानंतरच्या सिझेरियनमध्येही तो ९०७ मागे एक, म्हणजे व्हॅक्यूमच्या जवळपासच होता. याचा अर्थ बराचसा धोका साधनाचा नसून अडलेल्या बाळंतपणाचाच असतो, आणि शेवटच्या घटकेला सिझेरियन करून तो टळतोच असे नाही.

साधन निष्फळ ठरण्याची कारणे आधी बरीचशी ओळखता येतात. डोके वर असणे आणि पोटावरून अजून हाताला लागणे, बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असणे, बाळाचे वजन ४ किलोहून अधिक वाटणे, आईचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३० च्या वर असणे, ही त्यांतली मुख्य. ब्रिटिश मार्गदर्शनात आईची उंची १६१ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे हेही कारण दिले आहे, पण आपल्याकडच्या स्त्रियांची सरासरी उंचीच सुमारे १५२ आहे. हा आकडा जसाच्या तसा लावला तर आपल्या बहुतेक मुली आधीच धोक्याच्या यादीत जातील, त्यामुळे त्याला फार महत्त्व देऊ नये. मधुमेह असलेल्या आईच्या बाळाचे खांदे मोठे असू शकतात, हे मात्र विसरू नये.

डोके वर आणि उलट्या दिशेला असेल तर थेट शस्त्रक्रियागृहात जाणे शहाणपणाचे असते. तिथे फोर्सेप्सचा प्रयत्न करता येतो आणि जमले नाही तर लगेच सिझेरियन. मात्र पूर्ण उघडल्यानंतरचे सिझेरियन हे ठरवून केलेल्या सिझेरियनसारखे सोपे नसते. डोके खोल रुतलेले असल्याने गर्भाशयाचा छेद बाजूला फाटणे, रक्तस्राव आणि मूत्राशयाला इजा, हे सर्व त्यात वाढते. रुतलेले डोके सोडवण्याची, आधी खांदे आणि धड बाहेर घेण्याची पद्धत जगभर 'पटवर्धन पद्धत' म्हणून ओळखली जाते, भारतातल्या डॉ. पटवर्धनांनी ती १९५७ मध्ये मांडली. शिवाय पुढच्या गरोदरपणात व्रणाचा आणि वार चिकटण्याचा प्रश्न उरतो, तर साधनाने प्रसूती झालेल्या बहुतेक जणी पुढच्या खेपेला आपोआप बाळंत होतात.

म्हणून डोके खाली, दिशा सरळ, बाळ मध्यम आकाराचे आणि आईला जोर करता येत असेल, तर व्हॅक्यूम. आईला जोर करता येत नसेल, बाळाला लवकर बाहेर काढायचे असेल किंवा दिवस कमी असतील, तर फोर्सेप्स, पण तो चालवणारा हात सरावलेला असेल तरच. तसा हात आता सगळीकडे मिळत नाही. सयाजी रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि गल्लीतल्या प्रसूतिगृहात हाच सर्वांत मोठा फरक असू शकतो, त्यामुळे आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारावे : आपण स्वतः कोणते साधन अधिक वापरता? वाटी दोनदा निसटली किंवा तीन ओढींत डोके सरकले नाही तर पुढे काय करता? रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ यायला किती वेळ लागतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोलमोल आले, तर दुसऱ्या रुग्णालयाची चौकशी करावी.

प्रसूतीनंतर बाळंतिणीला जंतुसंसर्ग टाळण्यासाठी शिरेतून प्रतिजैविकाचा एक डोस ६ तासांच्या आत दिला जातो का, हेही विचारून ठेवावे. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत त्यामुळे संसर्गाचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले. बाळंतिणीला ६ तासांत लघवी झाली नाही तर परिचारिकेला सांगावे. व्हॅक्यूमने जन्मलेल्या बाळाला 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिळाल्याची खात्री करावी, आणि पहिला दिवसभर आजीने टोपडे अधूनमधून काढून डोके बघावे. सूज मऊ होऊन कानामागे किंवा मानेकडे पसरत असेल, बाळ फिकट पडले असेल किंवा दूध ओढत नसेल, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्याच क्षणी बालरोगतज्ज्ञांना बोलवावे.