अंगठ्याच्या दुखण्याचे मूळ शोधणारा धंतोलीतील दवाखाना

मे महिन्यातील एका पहाटे वडिलांच्या उजव्या पायाचा अंगठा मुळाशी लालबुंद होऊन इतका सुजला, की पातळ चादरीचा स्पर्शही त्यांना सहन होईना. घराजवळच्या एका दवाखान्यात रक्तातील युरिक ॲसिड ५.९ आले, तेव्हा गाऊट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात) नाही, नख रुतले आहे, असे सांगून मलम देण्यात आले. चार दिवसांत काडीचाही फरक पडला नाही, म्हणून आम्ही नागपूरच्या धंतोलीतील संधिवाताच्या या दवाखान्यात गेलो.

येथील डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी पाय हातात घेतला. नखाची कड दाबली. तेथे दुखत नव्हते. चवड्याखालची दोन बारीक हाडे चाचपली, चपलेचा तळ कोठे झिजला आहे तेही पाहिले. सांधा झिजलेला असता तर दुखणे महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेले असते आणि हाड बाहेर आलेले असते तर अंगठा शेजारच्या बोटाकडे कललेला दिसला असता, असे एकेक कारण ते का वगळत आहेत, हे वडिलांना उमजेल अशा शब्दांत सांगत होते. मग सुईने सांध्यातील थोडे पाणी काढून त्यांनी ते जंतुसंसर्गासाठीही तपासायला पाठवले. सूक्ष्मदर्शकाखाली युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, सुईसारखे स्फटिक दिसले. म्हणजे तो गाऊटच होता. ऐन झटक्यात रक्तातील युरिक ॲसिड पुष्कळदा नॉर्मल येते, हे आम्हांला तेव्हा कळले. झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी केलेल्या तपासणीत तेच ८.६ निघाले.

वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते, त्यात नागपूरचा उन्हाळा, पाणी कमी आणि आदल्या रात्रीचे सावजी मटण, झटक्याला निमित्त ठरू शकणाऱ्या या साऱ्या गोष्टी डॉक्टरांनी स्वतःहून विचारून काढल्या. गोळी मनाने बंद करू नका, असे बजावून नेहमीच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. युरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवायचे आहे, हेही लिहून दिले.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. पाय टेकवता न येणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून दोघांनी वर न्यावे लागले. तळमजल्यावर तपासणीची एक खोली तरी व्यवस्थापनाने करावी, ही कळकळीची विनंती.