‘नसा जाग्या होताहेत, ताई’

माझ्या आवाजातली एक ऑडिओ क्लिप अजून फिरते आहे. ‘नऊ वर्षांत पहिल्यांदा सकाळी उठताना अंग ठणकत नव्हतं,’ असं मी त्यात म्हणते. बोलले तेव्हा ते खरं होतं. पण ती क्लिप ऐकून कुणी त्या सप्लिमेंटच्या बाटल्या मागवत असेल, तर पुढे काय झालं तेही त्यांच्या कानावर जायला हवं. म्हणून हे लिहितेय.

मला फायब्रोमायल्जिया आहे आणि जोडीला क्रॉनिक फटीग. ज्यांना आहे त्यांना वेगळं सांगायला नको. अंगभर दुखतं, आठ तास झोपूनही झोप झाल्यासारखी वाटत नाही, साधे शब्द ओठांवर येऊन अडतात. एखाद्या दिवशी जरा जास्त काम झालं तर त्याची भरपाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणात पडून करावी लागते. हे दाखवेल अशी रक्ततपासणी नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. ते नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी आल्यावर घरच्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते मला दुखण्यापेक्षा जास्त लागायचं.

सप्लिमेंट विकणाऱ्या एका कंपनीचा फोन ‘मोफत सल्ला’ म्हणून आला. पलीकडच्या सल्लागार बाईंनी पन्नास मिनिटं माझं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, ‘ताई, हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. तुमच्या पेशींना ऊर्जाच मिळत नाहीये.’ मला रडूच आलं. मनाचे खेळ नाहीत, एवढंच ऐकायला मी नऊ वर्षं थांबले होते. त्यानंतर त्यांनी काहीही पुढे केलं असतं तरी मी घेतलं असतं, हे आज स्वच्छ कळतं.

आल्या सहा बाटल्या. मॅग्नेशियम, कोएन्झाइम क्यू १०, डी-रायबोज, झोपेसाठी ५-एचटीपी, ‘नर्व्ह सपोर्ट’ आणि ‘एनर्जी कॉम्प्लेक्स’. ही नावं काही हवेतून आणलेली नाहीत. यातल्या बऱ्याच गोष्टींवर छोटे-छोटे अभ्यास झालेले आहेत. पण अभ्यासातलं ‘कदाचित’ त्यांच्या पत्रकात उतरेपर्यंत ‘सिद्ध झालंय’ होतं. ब्रिटनमधल्या नाइस या, उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०२१मध्ये क्रॉनिक फटीगबद्दल नव्या सूचना काढल्या. आजारावरचा उपचार म्हणून जीवनसत्त्वं किंवा सप्लिमेंट घ्यायला पुरेसा आधार नाही, असं त्यात सरळ लिहिलं आहे. रक्तात ड जीवनसत्त्व किंवा बी १२ कमी निघालं आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर त्या जरूर घ्याव्यात. ती कमतरता भरून काढणं झालं. मला मात्र एकही तपासणी न करता सहा बाटल्या आल्या होत्या.

पैसे परत मिळण्याची हमी तीस दिवसांची होती, आणि परिणाम दिसायला नव्वद दिवस लागतात असं त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं. मी दोन्ही वाक्यं वाचली होती, पण एकापुढे एक ठेवून वाचली नाहीत. शिवाय ‘कोर्स अर्धवट सोडला तर आधीचंही वाया जातं’ हे दर फोनमध्ये यायचं. पैसे दर महिन्याला खात्यातून आपोआप वळते होत होते.

दुसऱ्या महिन्यात मला खरंच बरं वाटलं. हा आजार भरती-ओहोटीचा आहे, आणि नवीन उपाय आपण नेहमी अगदी तळाला गेल्यावर शोधतो. तळानंतर थोडं वर येणं तसंही होणारच असतं. ते वर येणं मी बाटल्यांच्या नावावर जमा केलं. त्याच आठवड्यात सल्लागार बाईंनी ‘दोन शब्द बोला ना, इतरांना धीर येईल’ म्हटलं, आणि मी बोलले. नवव्या दिवशी मी परत अंथरुणात होते. ते रेकॉर्ड करायला कुणाचा फोन आला नाही.

चौथ्या महिन्यात तळपायांना मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांना, मग पावलं बधिर. अनवाणी चालताना पायाखाली जाड मोजा असल्यासारखं वाटायचं. मी विचारलं तर उत्तर तयार होतं: ‘ताई, हे चांगलं लक्षण आहे. टॉक्सिन बाहेर पडताहेत, नसा जाग्या होताहेत.’ आणि त्यांनी नर्व्ह सपोर्टच्या दिवसाला एकाच्या दोन गोळ्या केल्या.

यात मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. आपल्या आजारात मुंग्या येणं, बधिरपणा वाटणं हे असतंच. त्यामुळे नवीन काही झालं तरी ते जुन्याच आजाराच्या खात्यावर जातं. घरचे म्हणतात, तुझं ते नेहमीचंच. आपणही तेच म्हणतो. विकणाऱ्याला लपायला याहून चांगली जागा नाही.

सातव्या महिन्यात मी डॉक्टरांकडे गेले. बाटल्यांचं सांगणार नव्हते, रागावतील म्हणून. त्यांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा, वाजवून माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला. म्हणाल्या, ‘कंप थांबला की सांगा.’ थोड्याच वेळात मी ‘थांबला’ म्हटलं. त्यांनी तोच फोर्क उचलून माझ्या मनगटावर ठेवला. तो अजून थरथरत होता, चांगला जोरात. आम्ही दोघीही काही बोललो नाही. मग त्यांनी विचारलं, ‘औषधांव्यतिरिक्त काय काय घेताय? सगळं आणा.’

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर मी बाटल्या मांडल्या. लेबलवरची अक्षरं इतकी बारीक, की मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून वाचावी लागली. नर्व्ह सपोर्टच्या एका गोळीत पायरिडॉक्सिन १०० मिलिग्रॅम, म्हणजे माझ्या दोन गोळ्यांचे २००. एनर्जी कॉम्प्लेक्समध्ये ५०. मॅग्नेशियमच्या बाटलीत पायरिडॉक्सल-५-फॉस्फेट २५. नावं वेगवेगळी, पण ही सगळी जीवनसत्त्व बी ६ची रूपं. दिवसाला २७५ मिलिग्रॅम! मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण १.३ मिलिग्रॅम असते. अमेरिकेत वरची मर्यादा १०० धरतात, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३मध्ये ती १२वर आणली. जास्त बी ६ बराच काळ घेतलं तर संवेदना वाहून नेणाऱ्या नसांनाच इजा होते. ज्या बाटलीवर ‘नर्व्ह सपोर्ट’ लिहिलं होतं, तीच माझ्या नसा बिघडवत होती.

५-एचटीपी पाहून डॉक्टर जास्तच गंभीर झाल्या. मी आधीपासून ड्युलोक्सेटिन हे औषध घेत होते. दोन्हींमुळे शरीरातलं सेरोटोनिन हे रसायन वाढतं, आणि ते मर्यादेबाहेर गेलं तर जिवावर बेतू शकतं. ड्युलोक्सेटिनबद्दल मी पहिल्याच फोनवर सल्लागार बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, ‘आमचं नैसर्गिक आहे, कशाबरोबरही चालतं.’

१९८९मध्ये अमेरिकेत ५-एचटीपीच्याच जातकुळीतल्या एल-ट्रिप्टोफॅन या सप्लिमेंटमुळे दीड हजाराहून जास्त माणसं आजारी पडली, कित्येक दगावली. बहुतेक माल एकाच उत्पादकाचा निघाला. त्या आजाराचं मुख्य लक्षण होतं स्नायूंचं असह्य दुखणं. आपल्यासारख्या कुणी ते झोपेसाठी घेऊन दुखणं वाढलं असतं, तर ‘नेहमीचंच’ म्हणून किती दिवस गेले असते, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

बाटल्या बंद केल्यावर पहिले काही आठवडे मुंग्या उलट वाढल्या. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की बी ६मध्ये असं होतं, घाबरू नका. कंपनीला पैशांसाठी फोन केला तेव्हा हेच त्यांनी माझ्यावर उलटवलं: ‘बघा, कोर्स सोडल्यावर वाढलं ना?’ हमीची मुदत संपलेली, बाटल्या उघडलेल्या, पैसे मिळाले नाहीत. बँकेत जाऊन आपोआप वळते होणारे पैसे मात्र थांबवले. क्लिप काढून टाका म्हणून तीनदा लेखी कळवलं आहे.

आता वर्ष होत आलं. डावा पाय बराच सुधारला, उजव्याची बोटं अजून बधिर आहेत. दुखणं आणि थकवा जिथे होता तिथेच आहे.

गेल्या महिन्यात ओळखीतून एका बाईंचा फोन आला. क्लिप ऐकून त्यांनी कोर्स सुरू केला होता आणि माझे आभार मानायचे होते. मी आधी एवढंच विचारलं, ‘पायांना मुंग्या येतात का हो?’

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, ‘दीड महिना झाला. पण सल्लागार बाई म्हणाल्या, नसा जाग्या होताहेत.’

मी त्यांना फोन चालू ठेवूनच बाटल्या आणायला सांगितल्या, आणि आम्ही एकेक लेबल वाचायला बसलो.