छत्तीस टाक्यांची कवटी, सहा टाक्यांची मान : हॅलोवीनच्या क्रोशे सांगाड्याचा दहा महिन्यांचा अनुभव

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझी चार वर्षांची भाची एका हातात कवटी आणि दुसऱ्या हातात धड घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, याची मान निघाली." हा सांगाडा मी गेल्या ऑक्टोबरात एका तयार किटमधून हॅलोवीनसाठी विणला होता. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत तो दारावर टांगलेला होता आणि त्यानंतर खोक्यात जाण्याऐवजी तो भाचीच्या उशाशी गेला. हा अभिप्राय मी नोव्हेंबरात लिहिला असता, तर त्यात स्तुतीखेरीज काही आले नसते. दहा महिन्यांचा वापर, एकदा तुटलेली मान, विक्रेत्याशी तीन आठवडे चाललेला पत्रव्यवहार आणि मी स्वतः केलेली दुरुस्ती, एवढे सगळे झाल्यावर माझे मत बरेच बदलले आहे. एका बाबतीत ते बिघडले, तर दुसऱ्या एका बाबतीत अनपेक्षितपणे सुधारले.

किटमध्ये काय काय येते, हे वाचणाऱ्यांना बहुधा ठाऊक असेल, म्हणून ती यादी मी येथे देत नाही. माझ्याकडे उरलेल्या लोकरीची आणि सुती धाग्यांची एक भरलेली पिशवी आहे, आणि घरात असलेली वस्तू पुन्हा विकत घेणे मला कधीच पटत नाही. त्यामुळे किट घ्यावे की नुसता नमुना घ्यावा, या विचारात माझा बराच काळ गेला. शेवटी दोन कारणांनी किट घेतले. एक म्हणजे संपूर्ण बाहुलीला पुरेल इतका, एकाच वेळी रंगवलेला पांढरा सुती धागा त्यात होता, आणि दुसरे म्हणजे बरगड्यांसाठी अंधारात चमकणाऱ्या धाग्याचे एक लहानसे रीळ होते. पांढऱ्या धाग्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्याचा पीळ घट्ट आहे, सुईच्या टोकाने पदर सुटत नाहीत, आणि इतक्या हाताळणीनंतरही त्यावर ॲक्रिलिकच्या कृत्रिम लोकरीसारखे गोळे आलेले नाहीत. फक्त सुती धागा जड असतो, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

किटसोबतच्या नमुन्याच्या पत्रकातील टाक्यांची नावे अमेरिकी पद्धतीची आहेत आणि पहिल्याच पानावर तसे स्पष्ट लिहिले आहे, याचे श्रेय नमुना लिहिणाऱ्याला द्यायला हवे. अमेरिकी नमुन्यातील सिंगल क्रोशे हाच टाका ब्रिटिश नमुन्यांत डबल क्रोशे म्हणून येतो, तर अमेरिकी डबल क्रोशे हा त्याहून उंच असा वेगळाच टाका असतो; त्यामुळे जे पत्रक हे सांगत नाही, त्याच्या आधाराने विणलेली बाहुली भलतीच उंच आणि जाळीदार होऊन बसू शकते. सोबत दिलेली २.५ मिलिमीटरची सुईही योग्य आहे. याच धाग्यासाठी एरवी कोणीही याहून जाड सुई घेईल. परंतु भरलेल्या बाहुलीत टाके इतके दाट पडावे लागतात की आतले भरण बाहेर डोकावता कामा नये.

कवटीची सुरुवात नेहमीप्रमाणे मॅजिक रिंगमधल्या (म्हणजे ओढून बंद करता येणाऱ्या धाग्याच्या कडीतल्या) ६ टाक्यांनी होते, आणि प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवत १२, १८, २४, ३० असे करत ३६ टाक्यांपर्यंत जायचे असते. येथवर कोणाचीही चूक होणार नाही. टाके घटवताना मात्र पत्रक फक्त "दोन टाके एकत्र घ्या" एवढेच सांगते, आणि तसे केल्यास त्या जागी एक लहानशी गाठ आणि तिच्याशेजारी एक भोक दिसते. रंगीत बाहुलीवर ते खपून जाते. पांढऱ्या कवटीवर प्रकाश पडला की जबड्याभोवती सहा भोके मोजता येतात. दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या कड्या सुईवर घेऊन, दोन्हींतून धागा एकदम ओढून मग टाका पुरा केला, तर घट कोठे आहे हे शोधूनही सापडत नाही. मी पहिली कवटी अर्ध्यापर्यंत उसवून पुन्हा या रीतीने विणली आणि तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही.

आता मानेविषयी. या किटचा खरा दोष तोच आहे आणि मला त्याबद्दल सविस्तर लिहायचे आहे.

पत्रकाप्रमाणे कवटी ६ टाक्यांपर्यंत घटवून तिचे तोंड पूर्ण बंद करायचे असते. पाठीचा कणा ही ६ टाक्यांची वेगळी नळी असते, आणि तिचे वरचे टोक कवटीच्या बंद बुडाला शिवायचे असते. माझ्या हाताने एका सेंटिमीटरला साधारण दोन टाके बसतात; म्हणजे कवटीचा घेर १८ सेंटिमीटर, आणि ज्या नळीवर ती उभी राहायची तिचा घेर जेमतेम ३ सेंटिमीटर. सुमारे पावणेसहा सेंटिमीटर व्यासाचा, सुती धाग्याचा, ठासून भरलेला गोळा एका सेंटिमीटरहूनही बारीक असलेल्या काठीवर ठेवायचा आणि त्याचा सगळा भार शिवणीच्या ६ टाक्यांनी पेलायचा, अशी ही रचना आहे.

भरलेल्या क्रोशे बाहुल्यांना आमिगुरुमी म्हणतात. विणकाम या अर्थाचा 'आमी' आणि भरलेली बाहुली या अर्थाचा 'नुइगुरुमी' हे दोन जपानी शब्द जोडून तो शब्द बनला आहे. या बाहुल्या गोंडस दिसतात, याचे मोठे कारण म्हणजे डोके आणि उंची यांचे प्रमाण. प्रौढ माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या साधारण सातव्या किंवा आठव्या हिश्शाएवढे असते, नवजात बालकाचे सुमारे चौथ्या हिश्शाएवढे, आणि या सांगाड्याचे तर तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिकच आहे. अस्वलात किंवा सशात हे निभावते, कारण तेथे डोके थेट रुंद धडावर बसते आणि मान नावाचा भाग जवळजवळ नसतोच. सांगाड्यात मात्र मान उघडी असते आणि तिच्याखालीही नुसता कणा असतो. म्हणजे ज्या मोठ्या डोक्यामुळे भीतिदायक वस्तू लाडकी वाटू लागते, तेच डोके या बाहुलीच्या सर्वांत नाजूक जागेवर बसते. नमुना तयार करणाऱ्याने सर्वाधिक विचार याच जागेचा करायला हवा होता, आणि पत्रकात तिच्यावर फक्त चार ओळी आहेत.

दारावर टांगलेला असताना हा दोष कळण्याचे कारण नव्हते, कारण टांगायचा दोरा टाळूतून निघत होता आणि डोक्याचा भार मानेवर येतच नव्हता. भाचीकडे गेल्यावर पहिले दोन महिने डोके फक्त थोडे डुलत असे. फेब्रुवारीत सांगाड्याने मान टाकली. बसवला की हनुवटी छातीला टेकायची. मी वरून चार टाके घातले, त्याने पंधरा दिवस निघाले. लहान मूल बाहुली कमरेला धरून उचलत नाही, ते मानेला किंवा डोक्याला धरूनच उचलते. एप्रिलमध्ये शिवणीचा धागा कण्याच्या काठावरच्या टाक्यांना कापत बाहेर आला. तुटलेली जागा मी नीट पाहिली, तेव्हा शिवण शाबूत होती आणि फाटले होते ते विणकाम. त्यामुळे दोष माझ्या शिवणकामाचा नसून जोडाच्या आकाराचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

मी विक्रेत्याला छायाचित्रांसह लिहिले. पहिले उत्तर आले की भरण अधिक घट्ट भरावे. डोक्यात आणखी भरण घातल्यास ते आणखी जड होते आणि ६ टाक्यांच्या नळीत भरण नीट जातच नाही, हे मी कळवल्यावर दुसरे उत्तर आले की तक्रारीची मुदत संपली आहे. मी बदली वस्तू मागतच नव्हतो. पत्रकातील चार ओळी दुरुस्त कराव्यात, म्हणजे पुढच्या विणणाऱ्याचे श्रम वाचतील, एवढेच माझे म्हणणे होते. तिसऱ्या आठवड्यात एकही शब्द न लिहिता त्यांनी पांढऱ्या धाग्याचा एक नवा गुंडा पाठवला. तो वेगळ्या वेळी रंगवलेला होता आणि जुन्या धाग्याशेजारी ठेवल्यावर स्पष्ट निळसर दिसत होता, त्यामुळे दुरुस्तीला त्याचा उपयोग नव्हता. फुकट मिळालेला अख्खा गुंडा मला एरवी नक्कीच आवडला असता, पण माझ्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते आणि या गोष्टीचा मला आजही राग आहे.

अखेर मी मान माझ्या पद्धतीने केली, आणि ती रीत येथे देतो. कवटी ६ टाक्यांवर बंद न करता १२ टाक्यांवर थांबवावी आणि तोंड उघडे ठेवावे. कणा ६ टाक्यांचाच विणावा, परंतु वरच्या टोकाला शेवटच्या दोन फेऱ्यांत तो आधी ९ आणि मग १२ टाक्यांपर्यंत वाढवावा, म्हणजे त्याचे टोक कर्ण्यासारखे उमलते. आता टाक्याला टाका लावून १२ टाके १२ टाक्यांना शिवावेत. दिसायला मान पूर्वीसारखीच बारीक राहते, कारण उमललेला भाग कवटीच्या बुडाखाली झाकला जातो. शिवणीचा घेर मात्र दुप्पट होतो आणि डोके कोणत्याही बाजूला कलू पाहत असेल, तर त्याला रुंद बैठक मिळते. शिवण्याआधी, जुन्या सुती धाग्याचे नऊ पदर घेऊन एक घट्ट वेणी घालावी. तिचे एक टोक आतून टाळूला टाके घालून पक्के करावे, वेणी कण्याच्या नळीतून क्रोशाच्या सुईने खाली ओढून घ्यावी आणि दुसरे टोक कटीच्या हाडात शिवून टाकावे. तार किंवा लाकडी काडी घालण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण लहान मुलांच्या हाती जाणाऱ्या बाहुलीत मी ते कधीही करणार नाही, कारण तारेचे टोक आज ना उद्या टाक्यांतून बाहेर येतेच. वेणीसाठी लागलेला सगळा धागा माझ्या पिशवीतल्या तुकड्यांतला होता.

आता ज्या गोष्टीबद्दल माझे मत सुधारले ती सांगतो. अंधारात चमकणारा धागा हातात घेतल्या घेतल्या मला तो आवडला नव्हता. तो राठ होता, सुईवर सरकत नव्हता, आणि त्याचे टाके इतके अस्पष्ट दिसत की मला बोटाने चाचपून मोजावे लागत. माणसाला बरगड्यांच्या १२ जोड्या असतात, या बाहुलीला ४ आहेत, आणि त्या चार जोड्यांच्या साखळ्यांनी मला कवटीइतकाच वेळ घ्यायला लावला. हा धागा म्हणजे केवळ जाहिरातीची सोय आहे, असे मी तेव्हा ठरवून टाकले होते. परंतु दहा महिन्यांनंतर हात, पाय आणि कटी जराशी सैल पडलेली असताना बरगड्यांच्या कमानी पहिल्या दिवशी होत्या तशाच उभ्या आहेत. ज्या राठपणाची मी तक्रार करत होतो, त्यानेच त्यांचा आकार टिकवला. चमकण्याबाबत सांगायचे तर दिव्याखाली थोडा वेळ ठेवून एकदम अंधार केला की पहिली काही मिनिटे हिरवट उजेड चांगला दिसतो आणि मग हळूहळू मंदावतो. डिसेंबरात एका रात्री दिवा मालवल्यावर भाचीच्या उशाशी त्या चार जोड्या एकेक करून दिसू लागल्या. भाची कुजबुजत त्या मोजत होती, आणि मी दाराशी उभा राहून ऐकत होतो.

डोळ्यांसाठी दिलेले काळ्या फेल्टचे गोल गोंदाने चिकटवू नयेत. माझे मार्चमध्ये सुटले आणि मागे पिवळा डाग राहिला. तेथे मी काळ्या धाग्याने भरतकाम केले. तसे करताना धाग्याची टोके कवटीच्या आत सोडू नयेत, कारण ती पांढऱ्या टाक्यांतून सावलीसारखी दिसतात. ती डोळ्यांच्या काळ्या भागामागेच वळवून संपवावीत. धुण्याविषयी एवढेच की थंड पाण्यात हाताने धुवावा आणि टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा, पिळू नये. आतले भरण पूर्ण सुकायला माझ्याकडे दोन दिवस लागले.

तेव्हा हे किट घ्यावे का? ज्याला बाहुली फक्त ऑक्टोबरात टांगायची आहे, त्याने खुशाल घ्यावे आणि दोरा टाळूतून काढावा. ज्याला ती मुलाच्या हाती द्यायची आहे, त्यानेही घ्यावे, कारण धागा आणि कवटीचा नमुना खरोखर उत्तम आहे. मात्र मानेचे पान बाजूला ठेवून वर सांगितलेला जोड करावा. माझा दुरुस्त केलेला सांगाडा मे महिन्यापासून वापरात आहे. भाची त्याला अजूनही डोक्याला धरूनच उचलते, आणि जोडावरचा एकही टाका आजवर ताणलेला दिसत नाही. विक्रेत्याने पाठवलेला निळसर गुंडा मी दुसऱ्या सांगाड्यासाठी काढला आहे. त्याची कवटी काल १२ टाक्यांवर येऊन थांबली आहे.