बँकेचं कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं की सरकारी प्रोजेक्टचं?

मुंबई-पुण्यात आयटीत चार-पाच वर्षं काढली की दोन प्रकारचे कॉल येतातच, एक बीकेसी नाहीतर बेलापूरच्या बँकेसाठी, दुसरा मंत्रालयातल्या किंवा एनआयसीच्या (केंद्र सरकारची आयटी संस्था) प्रोजेक्टसाठी, आणि दोन्हीकडचा रिक्रूटर एकच पाढा वाचतो, "सर, लाँग टर्म आहे". त्यावर जाऊ नका. दोन्हीकडे तुम्ही बहुतेक वेळा व्हेंडरच्याच, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या कंपनीच्याच, पेरोलवर असणार, तेव्हा पगाराआधी हे विचारा की पेरोल कुणाचा आणि मधे किती एजन्स्या आहेत, कारण प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो आणि उरलं ते तुमचं.

पैसा बँकेत जास्त, यात वादच नाही. फिनॅकल किंवा फ्लेक्सक्यूब या बँकिंग सॉफ्टवेअरवर हात बसलेला असेल, यूपीआयचं रिकन्सिलिएशन (व्यवहारांचा ताळमेळ) केलेलं असेल, डेटाबेससाठी लागणारं पीएल-एसक्यूएल पक्कं असेल तर रिझ्युमे पटकन उचलला जातो. मग क्लायंट राउंड, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, आणि बऱ्याच ठिकाणी सिबिलसुद्धा बघतात, त्यामुळे क्रेडिट कार्डाचं जुनं बिल लटकलेलं असेल तर आधी ते मिटवा. ईओडी (दिवसअखेरचं प्रोसेसिंग) रात्री अडकला की फोन तुम्हालाच, आणि ३१ मार्चला घरी लवकर जायचं स्वप्न बघू नका. मुख्य धोका वेगळाच आहे, बजेट कापलं की नोटीस पिरियड बघून पंधरा दिवसांत किंवा महिन्यात हातात नारळ.

सरकारी कामात उलटं. पैसे कमी, पण एक्स्टेन्शन मिळत राहतं, लोक वर्षानुवर्षं त्याच टेबलावर बसलेले दिसतात. राज्य सरकारी ऑफिसात २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, हे बँकवाल्याला सांगून बघा, जळेल. इथं धोका पगार उशिरा होण्याचा, म्हणजे डिपार्टमेंटकडे बिल अडकलं की काही एजन्स्या सरळ हात वर करतात. काम पण थांबत-थांबत चालतं, आचारसंहिता लागली की लाँच पुढे, सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) पॅनेलवरच्या ऑडिटरकडून सिक्युरिटी ऑडिट झालं नाही की साइट होस्ट होत नाही. एनआयसीच्या प्रोजेक्टांवरची बरीच माणसं निक्सीच्या (एनआयसीचीच कंपनी) पॅनेलवरच्या एजन्स्यांमार्फत येतात, तेव्हा जॉब पोर्टलवर बसून राहण्यापेक्षा त्या एजन्स्या शोधून थेट रिझ्युमे द्या. डिग्री, मार्कशीट, जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, सगळं कागदावर लागतं, "अनुभव आहे हो" म्हणून चालत नाही.

आणि "पुढं पर्मनंट करतील" या आशेवर तर अजिबात जाऊ नका. २००६च्या उमादेवी निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की नुसती बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही.

म्हणून माझं मत जरा उलटं आहे. सगळे म्हणतात हप्ते चालू असतील तर सरकारी घे, सेफ असतं. मला वाटतं हप्तेवाल्यानं बँक घ्यावी, कारण पगार वेळेवर येतो आणि ते काम सुटलं तरी बँकिंगच्या अनुभवावर पुढचं शोधता येतं. सरकारी त्यानं घ्यावं ज्याच्याकडं तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला आहे, किंवा ज्याला संध्याकाळी एमपीएससीचा अभ्यास करायचाय.

तिसरा रस्ता लोक विसरतातच, सरकारी बँकेचं थेट कॉन्ट्रॅक्ट. स्टेट बँक स्पेशालिस्ट ऑफिसरच्या काही पोस्ट अशाच काही वर्षांच्या करारावर भरते, जाहिरात तिच्याच करिअर पेजवर येते, बऱ्याचदा लेखी परीक्षा नसते, शॉर्टलिस्ट आणि इंटरव्ह्यू, आणि मधे एजन्सी नाही. अनुभवाची अट मात्र कडक असते, आणि निकालाला वेळ लागतो, तोवर हातातलं काम सोडू नका. आणि कुणी "साहेबांची ओळख आहे, एनआयसीत लावून देतो" म्हणत पैसे मागितले तर फोन तिथंच कट करा.