बादलीतला तुकडा

हर्णैला आमची एक लहान मासेमारी नौका आहे. तांडेल, म्हणजे नौका चालवणारे, बाबा; खलाशी पाच. डिझेल, बर्फ, कागदपत्रं आणि हिशेब माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यात नौकेच्या कॅबिनसाठी गाद्या घेताना मी १४,४०० रुपयांना फसलो. रक्कम काही फार मोठी नाही. पण तोच टेम्पो तोच माल घेऊन आज दुसऱ्या कुठल्या तरी बंदरावर उभा असणार, म्हणून लिहितोय.

कॅबिनमध्ये झोपायच्या चार फळ्या आहेत, दोन खाली, दोन वर. नौकेच्या अंगाप्रमाणे फळीही निमुळती होत जाते. डोक्याकडे सत्तावीस इंच, पायाकडे एकोणीस. दुकानातली तयार गादी तिथे बसत नाही. आम्ही आजवर गोधड्याच वापरत आलो, खाली जुन्या जाळ्याची घडी घालून. पण तीन-चार दिवसांच्या फेरीत जाळं ओढून आलेल्या माणसाला जेमतेम दोन-तीन तासांची झोप मिळते, आणि तेवढ्यात कंबर धरली तर पुढचं ओढणं त्याच्या जिवावर येतं. आमचे दोन खलाशी नेपाळचे. हंगाम संपवून निघताना ते म्हणाले, येतो पुढच्या वर्षी, पण झोपायचं काहीतरी बघा. खलाशी टिकवणं आज काय दिव्य आहे ते नौकावाल्यांना सांगायला नको. मी गाद्या करायचं मनावर घेतलं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा आमच्या नौका आंजर्ल्याच्या खाडीत, शाकारून ठेवलेल्या. जुलैच्या मध्यावर तिथे एक टेम्पो आला. ‘खास बोटीसाठी गाद्या’ असा फलक. माणूस बोलायला गोड, पण फसवणारा वाटावा इतका गोड नाही. त्याने पाण्याची बादली मागितली आणि खिशातून करड्या फोमचा बोटभर जाडीचा तुकडा काढून तीत टाकला. तुकडा तरंगला. हाताने दाबून बुडवला, पाच मिनिटं धरला, सोडल्यावर वर आला. मग ब्लेडने मधोमध कापून दाखवला. आत कोरडा ठणठणीत. म्हणाला, “नाखवा, समुद्राचं काम आहे, इथे चालूगिरी चालत नाही.”

हे वाक्य मला अजून पाठ आहे.

तो तुकडा खरा होता, हे आधी सांगतो. फोम दोन जातींचा असतो. एकात बुडबुडे एकमेकांत उघडतात, म्हणून त्यात हवा फिरते आणि पाणीही. आपल्या घरच्या गाद्या, सोफे यांत हा असतो. दुसऱ्यात प्रत्येक बुडबुडा बंद असतो, पाणी आत शिरायला वाटच नाही. योगा मॅट, पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या हातातल्या पाट्या या जातीच्या. पण बंद बुडबुड्यांचा फोम कडक असतो. त्यावर बसता येतं, रात्रभर झोपलं तर फळीपेक्षा थोडंच बरं. ‘पाणीही पीत नाही आणि कापसासारखी मऊ’ अशी चार इंची गादी तो विकत होता, तिथेच मी थांबायला हवं होतं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं, पण त्यांनी एवढं विचारलं, “बादलीत तुकडा टाकलास, गादी कुठाय?” तो हसला, म्हणाला तुमच्या मापाची अजून बनायचीय ना.

मला भुलवलं ते बादलीने नाही, मापाने. प्रत्येक फळीवर त्याने पुठ्ठा अंथरला, कडा पेन्सिलीने उतरवल्या, कात्रीने कापला, परत बसवून पाहिला. चारी पुठ्ठ्यांवर ‘डावी खाली’, ‘उजवी वर’ लिहिलं. दोन तास चिखलात गुडघे टेकून काम करणारा माणूस लबाड असेल असं कुणाच्या मनात येईल? गादीला ३,६०० रुपये, फोम ४० डेन्सिटीचा, सात हजार आगाऊ. तो तुकडा त्याने माझ्या हातात ठेवला, म्हणाला, खात्रीसाठी राहू द्या.

गाद्या आल्या ३१ जुलैच्या संध्याकाळी. हा मुहूर्त त्याने बरोबर साधला. बर्फाची गाडी यायची होती, किराणा भरायचा होता, नौकेच्या लायसनच्या कागदासाठी मी सकाळपासून धावत होतो. निळं रेक्झिन, दुहेरी शिलाई, वरून प्लास्टिक. चारही फळ्यांवर अशा बसल्या की फट म्हणून नाही. कोपरा दाबून पाहिला, घट्ट लागला. उरलेले ७,४०० त्याने सांगितलेल्या नंबरवर मोबाइलने टाकले. पैसे गेले ते भलत्याच नावावर. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे. पावती म्हणून वहीचा कागद: ‘४ गाद्या, पूर्ण पैसे मिळाले’.

हवा खवळलेली होती, आम्ही नारळी पौर्णिमेनंतरच बाहेर पडलो. पहिल्याच फेरीत कॅबिनच्या दारातून दोनदा पाणी आत आलं. असं येतंच, त्यात नवल नाही. रेक्झिन वरून पुसलं की कोरडं. पण शिलाईचा प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. पाणी तिथून आत गेलं आणि बाहेर यायचं नाव नाही, पखालीत भरून ठेवल्यासारखं. खाऱ्या पाण्याचं आणखी एक असतं. पाणी वाळलं तरी मीठ आत राहतं आणि ते हवेतली ओल ओढून घेत राहतं. गोड्या पाण्यात चांगलं खळबळून धुतल्याशिवाय ती वस्तू कोरडी होत नाही. पण गादीला चेनच नव्हती, धुणार काय? तिसऱ्या दिवशी कॅबिनमध्ये ओल्या गोणपाटाचा आणि डिझेलचा मिळून असा वास भरला की खलाशी बाहेर जाळ्याच्या ढिगावर जाऊन झोपले. एकाच्या पाठीवर पुरळ आलं.

परत आल्यावर एक गादी उतरवताना दोन माणसं लागली. किनाऱ्यावर मासे मोजायच्या काट्यावर ती टाकली. एकोणीस किलो. बाबांनी सुरी मागितली आणि रेक्झिन उभं फाडलं. आत पिवळा, भुसभुशीत फोम, तोही एकसंध नाही, पट्ट्या चिकटवून केलेला. डिंकाच्या रेघा दिसत होत्या. फक्त चार कोपऱ्यांत, हाताने दाबून बघतो तिथे, करड्या चांगल्या फोमचे वीतभर ठोकळे. गिऱ्हाईक गादी कुठे दाबतं याचा अभ्यास करून बनवलेली वस्तू होती ती. मला राग येण्याआधी, खरं सांगतो, कौतुकच वाटलं.

वरच्या फळीवरची एक गादी भिजली नव्हती. तिची खोळ काढून नुसता फोम तोलला. आता एक साधा हिशेब, जो मला जुलैत यायला हवा होता. डेन्सिटी ४० म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, चार इंच जाड गादी भरते चार घनफूट, आणि घनमीटरात साधारण ३५ घनफूट असतात. म्हणजे गादी साडेचार किलोच्या आसपास भरायला हवी. आमची जेमतेम तेवढ्याच मापाची, भरली दोन किलो. रोज काट्यावर मासे तोलणारी माणसं आम्ही, आणि गादी काट्यावर टाकायचं सुचलं नाही! मात्र नुसत्या वजनावरही जाऊ नका. फोमचा चुरा दाबून केलेली गादी चांगल्या फोमपेक्षा जड भरते आणि पाणीही पिते. आत डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही. चेन नसेल तर पैसे देण्याआधी एका बाजूची शिलाई उसवून मागायची. कुरकुर केली तर परत पाठवायची.

फोन आधी वाजायचा, मग बंद झाला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. धंद्याच्या नौकेसाठी घेतलेला माल म्हणजे आपण ग्राहक नाहीच, असं मला बंदरावर दोघांनी छातीठोक सांगितलं होतं. ते अर्धंच खरं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू व्यापारी हेतूतून वगळल्या आहेत. माझं घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. तक्रार करायची कुणाविरुद्ध? कागदावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी क्रमांक, ना ‘४० डेन्सिटी’ हे शब्द. पैसे तिसऱ्याच्याच नावावर. टेम्पोचा नंबर टिपला नव्हता. त्या दिवशीच्या एका फोटोत टेम्पो आहे, पण नंबराच्या पाटीसमोर मीच उभा.

पुढे दापोलीच्या एका गादीवाल्याकडून दोन गाद्या करून घेतल्या, तो कापत असताना समोर बसून. खाली बंद बुडबुड्यांचा एक इंच, वर चांगला मऊ फोम तीन इंच, खोळ जाड सुती कापडाची, खालच्या अंगाला प्लास्टिकची चेन, कारण धातूची महिन्याभरात गंजते. फळ्यांना ड्रिलने भोकं पाडली. अंगाच्या उबेने खालच्या गार फळीवर दव धरतं, त्याला वारा लागायला हवा. आणि गादीखाली पुन्हा जुन्या जाळ्याची घडी. आजोबा ती का घालायचे ते मला असं कळलं. उरलेल्या दोन फळ्यांवर सध्या गोधड्याच आहेत. त्या दोऱ्यावर टाकल्या की उन्हात दुपारपर्यंत वाळतात.

निळ्या रेक्झिनच्या खोळी इंजिनावर झाकायला कामाला आल्या. आणि तो बादलीतला तुकडा बाबांनी कॅबिनच्या किल्ल्यांच्या जुडग्याला बांधलाय. परवा जुडगा हातातून सुटून पाण्यात पडला. तरंगत होता.