साताऱ्यात करून घेतलेला उठावाचा नकाशा: डोंगर झकास, समुद्र नुसता निळा

साताऱ्यातल्या एका थ्रीडी प्रिंटवाल्याकडनं भिंतीवर लावायचे दोन उठावाचे नकाशे (म्हणजे डोंगर-दऱ्या बोटाला लागतील असे) करून घेतले, एक सातारा ते कोकण किनारा आणि दुसरा इंग्लिश चॅनलचा, म्हणजे इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राच्या पट्टीचा, दोन्ही मिळून 3,200 रुपये. भाचा एनडीएची तयारी करतोय त्याच्यासाठी म्हणून ऑर्डर दिली, पण खरं सांगायचं तर मलाच हवे होते.

सह्याद्री एक नंबर आलाय. महाबळेश्वरवरनं बोट पश्चिमेला सरकवलं की कडा एकदम संपतो आणि बोट थेट पोलादपूरच्या बाजूला उतरतं, मधे जावळीच्या नुसत्या खाचा. 1659 ला अफझलखानाला वाईवरनं प्रतापगडाखाली का ओढून आणला ते त्या खाचांत बोट अडकलं की कळतं, तिथं घोडदळ पसरणार कुठं आणि तोफा ओढणार कशा. पण डोंगर आहे म्हणजे झालं असंही नाही बरं का, आपला अजिंक्यतारा औरंगजेबानं डिसेंबर 1699 ला वेढला आणि एप्रिल 1700 ला घेतलाच. डोंगरानं त्याचे चार महिने खाल्ले, एवढंच.

तक्रार आहे ती समुद्राची. पठ्ठ्यानं अरबी समुद्र म्हणून सपाट निळा रंग फासलाय, खोली नाही, खडक नाही, आणि कोयनेचा शिवसागर पण त्याच निळ्यात! जंजिरा, खांदेरी, सिंधुदुर्ग हे पाण्यातले किल्ले या स्केलला दिसतच नाहीत, त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं पाणी आहे म्हणजे पश्चिमेची बाजू सेफ. अहो पोर्तुगीज, डच, इंग्रज सगळे त्याच निळ्यावरनं आले की. महाराजांनी 1664 ला सिंधुदुर्ग बांधायला घेतला तो उगाच का? शेवटी मीच टाचण्या टोचल्या, विजयदुर्गाची टाचणी बरोब्बर वाघोटण खाडीच्या तोंडाला बसली आणि मग भाच्याला दाखवता आलं की आपली गलबतं उथळ पाण्यात आत शिरायची आणि मोठी जहाजं बाहेर ताटकळायची. 1679 ला खांदेरीला इंग्रजांना हेच नडलं, मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्रीत बेटावर रसद पोचवायच्या आणि यांना त्या अडवता येईनात. आणि याच विजयदुर्गाला 1756 मधे पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन आंग्र्यांचं, म्हणजे मराठ्यांचंच, आरमार संपवलं, जहाजं जळून गेली. यावर आमच्याकडं जेवणं थंड होईस्तोवर वाद झालाय.

चॅनलचा नकाशा लहान आहे पण काम त्यानंच जास्त केलं. डोव्हरजवळ सगळ्यात अरुंद जागी चॅनल साधारण 33 किलोमीटर, म्हणजे आपल्याला वाईला जायला लागतं तेवढंच. 1066 ला नॉर्मंडीचा विल्यम चॅनल ओलांडून इंग्लंडात उतरला कारण तिथला राजा हॅरॉल्ड याचं आरमार शिधा संपून आधीच पांगलं होतं आणि तो स्वतः उत्तरेत नॉर्वेवाल्यांशी लढत होता. 1588 ला स्पेनची सुमारे 130 जहाजं आली तेव्हा मात्र इंग्रजांची जहाजं समोर हजर होती, वादळाचा नंबर नंतर लागला. नेपोलियन तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर बुलोनला फौज घेऊन बसून राहिला. पाणी तेच, रुंदी तीच, पण त्या पाण्यात जहाजं कुणाची फिरतायत त्यावर सगळं. आमच्या जिल्ह्यात फौजींना तोटा नाही, अपशिंग्याला तर लोक मिलिटरी म्हणूनच ओळखतात, तरी घरी आलेला जो तो पहिलं बोट डोंगरावरच ठेवतो.

सर्व्हिस ठीकठाक. एक फ्रेम कोपऱ्यात तडकलेली निघाली, ती कुरकुर न करता बदलून दिली पण वाट बघायला लावली. पाचपैकी साडेतीन स्टार.

ऑर्डर देणार असाल तर उंची किती पट वाढवलीय ते आधी विचारा, मला सांगितलंच नव्हतं आणि पाचगणीचं पठार हिमालयात गेल्यासारखं दिसतंय. किनाऱ्याचा भाग घेत असाल तर समुद्राच्या तळाचा डेटा पण टाकायला सांगा, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. आणि वजन बऱ्यापैकी आहे, साध्या खिळ्यावर टांगू नका, ड्रिल मारून स्क्रूच लावा.